होपटाउनचा दर्शनी भाग

एडिंबरोजवळच्या होपटाउन हाउसचा फोटो शोधलात, तर बहुतेक वेळा त्याची पूर्वेकडची बाजूच दिसते. पसरलेला दगडी दर्शनी भाग, दोन मजले उंचीचे कोरिंथियन अर्धस्तंभ, वर कठडा आणि दोन्ही अंगांना बाकदार स्तंभावली. स्कॉटलंडमधल्या अभिजात शैलीच्या घरांत याचं नाव फार वर घेतात. कामानिमित्त एडिंबरोत होतो तेव्हा मी ते पाहून आलो. माझं मत थोडं वेगळं झालं. हे घर मागच्या बाजूने जास्त चांगलं आहे.

मागची, म्हणजे पश्चिमेची बाजू सर विल्यम ब्रूसची. 1682 मध्ये 'ग्लॉस्टर' जहाज बुडालं, त्यात जॉन होप गेला. मागे उरलेल्या तान्ह्या मुलासाठी, चार्ल्ससाठी, पुढे 1699 मध्ये हे घर बांधायला घेतलं. ब्रूसची रचना आटोपशीर आहे. घराच्या मध्यभागी अष्टकोनी जिना, लाकडावर अलेक्झांडर आयझॅटने कोरलेली फुलंफळं, वरून येणारा उजेड. त्या जिन्यावर उभं राहिलं की कुठली खोली कुठे असेल, हे न विचारता कळतं. बागेकडून पाहिलं तरी बाहेरचं आणि आतलं एकाच हिशोबातलं वाटतं.

हे घर पुरं होऊन पंधरा वर्षंही झाली नाहीत तोच, 1721 मध्ये, चार्ल्सने विल्यम अ‍ॅडमला बोलावलं. तोवर तो अर्ल झाला होता आणि त्याला मोठं दिसायचं होतं. अ‍ॅडमने ब्रूसचं घर न पाडता त्याच्यापुढे नवा दर्शनी भाग उभा केला. 1748 मध्ये तो वारला, तेव्हा अपुरं राहिलेलं काम जॉन आणि रॉबर्ट या मुलांनी पुरं केलं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. जुनी सिस्टीम तशीच चालू ठेवायची आणि तिच्यापुढे नवा चेहरा लावायचा. त्याला आम्ही 'फसाड'च म्हणतो. शब्द वास्तुकलेतूनच उचललेला. आतला गुंता वापरणाऱ्यापासून लपवणं हा आमच्याकडे गुण मानतात. इथे मात्र तो मला दोष वाटला. अ‍ॅडमच्या बाजूला मध्यबिंदूच नाही. त्रिकोणी शिखर नाही, पुढे आलेला द्वारमंडप नाही. अर्धस्तंभांमागून अर्धस्तंभ येतात आणि नजर कुठेच थांबत नाही. भव्यता आहे, पण 'ये' असं कुठे म्हटलेलं नाही. स्तंभावलीच्या एका टोकाला घोड्यांचा तबेला होता, तेही बाहेरून कळत नाही. या सगळ्यामागे पैसा होता तो लीडहिल्सच्या शिशाच्या खाणींचा. त्या खाणींची खूण तर कुठेच नाही.

हे मी तटस्थपणे लिहीत नाहीये, तेही सांगून टाकतो. याच घरात 1887 मध्ये लॉर्ड लिनलिथगो जन्मला. 3 सप्टेंबर 1939 रोजी इथल्या नेत्यांना न विचारता भारताला युद्धात ओढणारा आणि बेचाळीसचं आंदोलन चिरडणारा व्हाइसरॉय. माझे पणजोबा त्या वर्षी सातारा भागात भूमिगत होते. त्यामुळे हे घर आवडू नये, अशा तयारीनेच मी गेलो होतो.

जिन्याने ती तयारी मोडली. मग पूर्वेच्या बाजूवरचा माझा राग पणजोबांचा की वास्तुकलेचा, असा प्रश्न पडला. म्हणून बाहेर येऊन पुन्हा तिच्यासमोर उभा राहिलो, लिनलिथगोला बाजूला ठेवून. स्तंभावलीचा बाक सुंदरच आहे, हे मान्य केलं. पण मध्य तरीही रिकामाच राहिला. तो रिकामेपणा त्याच्या जन्माच्या दीडेकशे वर्षं आधीचा आहे. त्याचा दोष त्याच्यावर घालता येणार नाही. तसंच ब्रूसच्या जिन्याचं श्रेयही त्या घराण्याला देऊन टाकायची गरज नाही.

कधी गेलात, तर आधी बागेच्या बाजूला जा.