नांगर आणि पोढी : कल्याणच्या दानलेखांच्या वाचनाविषयी

इटलीतील ग्राव्हिस्का या प्राचीन बंदरस्थळी १९७० मध्ये जहाजाच्या दगडी नांगराचा एक भाग सापडला. तो सोस्ट्रॅटोसने एजिनाच्या अपोलोला अर्पण केल्याचा लेख त्यावर आहे. त्याचा काळ साधारणतः इ.स.पू. सहाव्या शतकाची अखेर मानला जातो. इ.स.पू. ४२९ मध्ये अथेन्सचा सेनानी फॉर्मिओ याने तर जिंकलेले जहाजच पोसायडनला वाहिले. समुद्राशी निगडित साधनच देवाला देण्याची ही ग्रीक रीत होय.

कल्याणच्या प्राचीन बंदराविषयीच्या लेखनात 'पेरिप्लस'चा दाखला हमखास येतो. येथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याची शक्यता असे, हे त्यातील विधान मात्र अनेकदा मागे पडते आणि लेण्यांतील प्रत्येक 'यवन' दाता ग्रीक दर्यावर्दी ठरतो. ही घाई सदोष आहे. नाशिकच्या लेण्यातील इंद्राग्निदत्त स्वतःला दात्तामित्री येथील उत्तरेकडचा योनक म्हणवितो. तो समुद्रमार्गे आला, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

दानवस्तू पाहिल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. कान्हेरी येथे कल्याणचा सोनार स्वामिदत्त पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेले टाके, देतो. कल्याणचाच लोहार नंद वाट करवितो. जुन्नरला इरिल हा यवनही दोन पोढ्याच देतो. अपोलोला नांगर चालतो. भिक्षुसंघाला त्याचा उपयोग काय? पावसाळ्यानंतर कोरड्या पडणाऱ्या डोंगरावर त्याला पाणी हवे असते. येथे दानाचे स्वरूप दात्याच्या व्यवसायापेक्षा घेणाऱ्याच्या गरजेने ठरलेले दिसते. त्यामुळे दानात नांगर नाही म्हणून दाता समुद्राशी असंबद्ध होता असे म्हणता येत नाही, आणि तो यवन आहे म्हणून खलाशी होता असेही नाही. (नंदाने जहाजांचे खिळे घडविले असतील, असा तर्क मोहक आहे, लेखात त्याला आधार नाही.) यवनाच्या शोधात दुर्लक्षित राहतो तो हा लोहारच, ज्याचे नाव, गाव आणि व्यवसाय तिन्ही कातळावर कोरलेले आहेत.

कान्हेरीत समुद्र दिसतो तो पुढे, लेणे क्रमांक ९० मधील अवलोकितेश्वराच्या शिल्पपटात. तेथे जहाज आहे. पण ते अर्पण केलेले नसून बुडत असलेले आहे आणि त्यातील माणसे अवलोकितेश्वराचा धावा करीत आहेत.