टाळ्या, निकाल आणि निर्णय

'काय बोलतात हो!' हा आपल्याकडे वक्त्याला सहज मिळणारा दाखला. पण ते बोलणे कशासाठी होते, हे सहसा कोणी विचारत नाही. घागर पाणी धरते की नाही यावरून तिची पारख होते. भाषणही ज्या कामासाठी केले, ते काम साधले का यावरूनच जोखले पाहिजे.

अॅरिस्टॉटलने भाषणाचे तीन प्रकार सांगितले. न्यायसभेतले भाषण घडून गेलेल्या गोष्टींचे न्याय-अन्याय ठरवते. विचारसभेतले भाषण पुढे काय करावे हे सांगते. समारंभातले भाषण गौरव किंवा निंदा करते. या वर्गीकरणाचे मर्म श्रोत्यात आहे. श्रोता पहिल्या ठिकाणी न्यायाधीश असतो, दुसऱ्या ठिकाणी निर्णय घेणारा सभासद आणि तिसऱ्या ठिकाणी प्रेक्षक. दोन हजार वर्षांनंतरही ही फूटपट्टी झिजलेली नाही.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे १९०८ सालच्या राजद्रोहाच्या खटल्यातील लोकमान्य टिळकांचे भाषण. स्वतःचा बचाव स्वतःच करीत ते काही दिवसांत मिळून एकवीस तासांहून अधिक बोलले. 'केसरी'तील लेख मराठीत, खटला मात्र त्यांच्या इंग्रजी भाषांतरावर! टिळकांनी शब्दाशब्दांचा कीस पाडून, भाषांतरात अर्थ कसा सरकला आहे ते दाखवले. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या हिशेबी हे भाषण हरले. तरी आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे. आपले म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत तोलले जाते तेव्हा काय होते, हे कचेरीत परक्या लिपीतला कागद हाती पडलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत केलेले भाषण वेगळ्या कारणाने थोर आहे. घटना तयार झाली होती. प्रसंग गौरवाचा होता. बाबासाहेबांनी बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिले, सहकाऱ्यांचे आभार मानले आणि तेथून भाषणाचे सुकाणू फिरवले. राजकीय समता आली तरी सामाजिक व आर्थिक विषमता राहणार आहे, राजकारणातील व्यक्तिपूजा घातक आहे, असे इशारे त्यांनी दिले. टाळ्या घेऊन खाली बसण्याच्या दिवशी त्यांनी श्रोत्यांना प्रेक्षक राहू दिले नाही, पुढच्या कामाला जुंपले.

हेच वळण बेळगावानेही पाहिले आहे. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलन भरले. साहित्याच्या त्या उत्सवात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. समारंभाची विचारसभा झाली.

आज मात्र प्रवाह उलटा वाहतो आहे. विचारसभांचेच समारंभ होत आहेत. शाळेची वक्तृत्व स्पर्धा पाहा. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' येथून सुरू झालेली गाडी घंटा होईपर्यंत पाठांतराच्या रुळांवरून सुसाट धावते. मधेच एखादा प्रश्न विचारला, तर मूल गोंधळते. हातवाऱ्यांना गुण आहेत, उत्तर देण्याला नाहीत. मुलाला आपण गौरव करायला शिकवतो. पटवून द्यायला, विरोध ऐकून घ्यायला शिकवत नाही.

मोठ्यांचे तरी काय वेगळे आहे? १९५६ सालच्या हुतात्म्यांना १७ जानेवारीला आपण अभिवादन करतो. ते केलेच पाहिजे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तेथील भाषण वकिलांचे. उरते ते मधले, निर्णयाचे भाषण. आपल्या गल्लीतील मराठी शाळेची पटसंख्या कशी टिकवायची, घरात कोणती भाषा बोलायची, कन्नड शेजाऱ्याशी कोणत्या शब्दांत बोलायचे, यांवर एखादी सभा भरते का? भरली तर तिच्यात हार-तुऱ्यांना किती वेळ जातो आणि प्रश्नांना किती उरतो?

गौरवाचे भाषण ऐकून माणूस समाधानाने घरी जातो. विचाराचे भाषण ऐकून तो घरी गेल्यावर बायकोशी, मुलांशी वाद घालतो, आणि कधी कधी सकाळी मुलाचा हात धरून शाळेत नाव घालायला येतो. यंदाच्या सभांना जाताना ही फूटपट्टी प्रत्येकाने खिशात ठेवावी.