कस्तुरबा आणि मित्रा : रोहिणी हट्टंगडी यांच्या संदर्भात 'सहाय्यक' या संज्ञेचा पुनर्विचार

प्रास्ताविक

एका देशाच्या रंगभूमीवर घडलेली अभिनेत्री दुसऱ्या देशाच्या कलाव्यवहारात प्रवेश करते, तेव्हा तिच्यासोबत काय जाते आणि काय मागे राहते, हा नाट्यसमीक्षेतील महत्त्वाचा प्रश्न आहे. इंग्लंडच्या रंगभूमीला असे प्रवेश नवीन नाहीत. अमेरिकेतील केंटकी राज्यात जन्मलेली एलिझाबेथ रॉबिन्स १८८८ मध्ये लंडनला आली. मनासारख्या भूमिका मिळत नाहीत हे ध्यानात आल्यावर तिने मॅरियन ली या दुसऱ्या अमेरिकन अभिनेत्रीच्या साथीने १८९१ मध्ये इब्सेनचे 'हेडा गाब्लर' स्वतःच रंगमंचावर आणले आणि हेडाची भूमिका केली. परक्या देशात जाऊन तिने आपली भूमिका आपण निवडली. पुढे १९०७ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारावर तिने नाटकही लिहिले. या उदाहरणाशेजारी मराठीतील जवळचे उदाहरण ठेवायचे झाल्यास रोहिणी हट्टंगडी यांचे नाव प्रथम पुढे येते. मात्र त्यांचा ब्रिटिश चित्रपटातील प्रवेश वेगळ्या प्रकारचा होता. तेथे भूमिका त्यांच्यासाठी आधीच ठरलेली होती.

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 'गांधी' (१९८२) या चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना १९८३ मध्ये ब्रिटिश अकादमीचा, म्हणजे 'बाफ्ता' पुरस्कार मिळाला. सहाय्यक अभिनेत्रीसाठीचा हा पुरस्कार त्या वर्षी दोघींत विभागला गेला. दुसऱ्या मानकरी होत्या अमेरिकन अभिनेत्री मॉरिन स्टेपलटन. 'रेड्स' या चित्रपटात त्यांनी एमा गोल्डमन ही अराज्यवादी विचारवंत उभी केली होती. सत्तेला उघड आव्हान देणारी गोल्डमन आणि अहिंसेच्या प्रणेत्याची पत्नी कस्तुरबा एकाच पुरस्कारात शेजारी याव्यात, हा योगायोग बोलका आहे. मराठीत या पुरस्काराचा उल्लेख अभिमानाने आणि वारंवार होतो, परंतु भूमिकेचे वाचन क्वचितच होते. प्रस्तुत लेखात ते करावयाचे आहे.

घडण

रोहिणी हट्टंगडी, माहेरच्या ओक, पुण्यात वाढल्या. १९७१ मध्ये त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात दाखल झाल्या. त्या वेळी इब्राहिम अल्काझी विद्यालयाचे संचालक होते. पुढे ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला ते दिग्दर्शक जयदेव हट्टंगडी हेही याच विद्यालयाचे विद्यार्थी. अल्काझींच्या शिस्तीत ग्रीक शोकात्मिकेपासून भारतीय लोकनाट्यापर्यंत सर्व प्रकारांचा अभ्यास होत असे. याच वातावरणात शोझो सातो या जपानी दिग्दर्शकाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 'इबारागी' या काबुकी नाटकात काम केले.

ही घटना वरवर अभ्यासक्रमातील एक प्रयोग वाटते, पण तिचे महत्त्व अधिक आहे. काबुकीत स्त्रीभूमिका शतकानुशतके पुरुषांनीच केल्या आहेत. कोकणातील वाचकाला ही प्रथा अपरिचित वाटू नये. रत्नागिरी जिल्ह्यातील नमन-खेळ्यांत गवळणीचे सोंग परंपरेने पुरुषच घेत आले आणि दक्षिण कोकणातील दशावतारातही हीच रीत राहिली. अशा रंगपरंपरांत 'स्त्री' ही देहापेक्षा चाल, आवाज आणि हात यांनी रचली जाते. 'इबारागी'तील राक्षस आपला तुटलेला हात परत मिळवण्यासाठी एका वृद्ध आत्याचे रूप घेऊन येतो. म्हणजे वार्धक्य हे येथे वय नसून धारण केलेले रूप आहे. पुढे वयस्क स्त्रियांच्या भूमिकांचा ढीग ज्यांच्या वाट्याला आला त्या अभिनेत्रीने सुरुवातीलाच वार्धक्याकडे रचना म्हणून पाहण्याचे शिक्षण घेतले होते. कस्तुरबांच्या भूमिकेची पूर्वतयारी शोधायची तर ती येथे सापडते.

विद्यालयातून बाहेर पडल्यावर मुंबईत 'आविष्कार' संस्थेसाठी जयदेव हट्टंगडी यांच्या दिग्दर्शनाखाली केलेले 'चांगुणा' हे नाटक त्यांच्या कारकिर्दीतील निर्णायक टप्पा ठरले. लॉर्काच्या 'येर्मा' (१९३४) या स्पॅनिश नाटकाचे हे मराठी रूप आरती हवालदार यांनी केले होते. मूल नसलेल्या स्त्रीची तगमग हा त्याचा विषय. मूळ नाटकात नायिका शेवटी पतीचाच गळा आवळते. मराठी रूपाला दिलेले नाव लक्षणीय आहे. श्रियाळ-चांगुणेच्या कथेतील चांगुणा ही अतिथीसाठी पोटच्या चिलया बाळाचे शिर उखळात कांडणारी माता. आपल्या ओवीगीतांनी आणि कीर्तनांनी तिला त्यागाची मूर्ती मानले. अपत्यासाठी आक्रंदणाऱ्या नायिकेला हे नाव देताच मराठी प्रेक्षकाच्या मनातील त्यागमूर्तीला तडा जातो. त्यानंतर त्यांनी केलेली 'मीडिआ' ही तर स्वतःच्या मुलांची हत्या करणारी स्त्री. मराठी रंगभूमीने रोहिणी हट्टंगडी यांना प्रथम ओळखले ते पत्नीपण आणि मातृत्व यांच्या मर्यादा ओलांडणाऱ्या स्त्रियांच्या भूमिकांतून, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागेल.

कस्तुरबा : नकार आणि संमती

'गांधी'चे चित्रीकरण नोव्हेंबर १९८० मध्ये भारतात सुरू झाले. कस्तुरबांसाठी स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांचाही विचार झाला होता. तिघीही मराठी आणि तिघींची मुळे रंगभूमीत, हे त्या काळच्या मराठी रंगभूमीच्या सामर्थ्याचेच गमक होय. (याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवले. तो भारताला मिळालेला पहिला ऑस्कर होता.) भूमिका गुजराती स्त्रीची, अभिनेत्री मराठी आणि संवाद इंग्रजीत, असा हा तिपेडी व्यवहार होता. प्रत्यक्षातील कस्तुरबांना इंग्रजी फारसे येत नव्हते. चित्रपटात मात्र त्या पतीशीही इंग्रजीतच भांडतात. आंतरराष्ट्रीय प्रेक्षकासाठी ही तडजोड अटळ असेल, तरी अभिनेत्रीपुढे त्यामुळे निर्माण झालेली अडचण मोठी होती. माहेरची भाषा काढून घेतल्यावरही व्यक्तिरेखेचे घरगुतीपण टिकवायचे होते.

१९१ मिनिटांच्या या चित्रपटात तिशीच्या आसपासच्या अभिनेत्रीला दक्षिण आफ्रिकेतील तरुण गृहिणीपासून २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये देह ठेवणाऱ्या वृद्धेपर्यंतचा प्रवास करावयाचा होता. प्रशंसा बहुधा या वयाच्या आवाक्याची होते. पण भूमिकेचा गाभा दक्षिण आफ्रिकेतील आश्रमाच्या प्रसंगात आहे. संडाससफाईचे काम करण्यास कस्तुरबा नकार देतात. गांधी त्यांना दंड धरून बाहेर काढू पाहतात. तेव्हा त्या विचारतात की आपण तुमची पत्नी, येथून जायचे तरी कुठे? गांधी ओशाळतात आणि लगेचच कस्तुरबा नाकारलेल्या कामाकडे परततात.

हा प्रसंग गांधींच्या आत्मकथेत आहे, पण वेगळ्या तपशिलाने. तेथे तो डरबानच्या राहत्या घरात घडतो आणि वाद पंचम मातापित्यांपोटी जन्मलेल्या एका ख्रिस्ती कारकुनाच्या मूत्रपात्रावरून आहे. म्हणजे मूळ प्रसंगात कस्तुरबांच्या नकारात जातिसंस्काराचाही अंश आहे आणि गांधींच्या आग्रहात पतीचा अधिकारही. दोन्ही बाजू एकाच वेळी योग्य आणि अयोग्य ठरतात. पटकथेने घराचा आश्रम केला आणि प्रसंग सोपा झाला. नकार काही क्षणांत संमतीत विरघळतो आणि पश्चात्तापाचे श्रेय नायकाकडे जाते. तरीही प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो कस्तुरबांचा प्रश्न. त्यात याचना नाही. त्यात विवाहसंस्थेतील स्त्रीच्या स्थानाचे वर्णन आहे. 'येर्मा'च्या बंदिस्त घराचा अनुभव घेतलेल्या अभिनेत्रीकडून हा प्रश्न आला, म्हणूनच तो पुढच्या संमतीपेक्षा जड ठरला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

पटकथेची दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. १९१३ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेतील न्यायालयाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह अमान्य ठरवले, तेव्हा स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या. कस्तुरबांना त्या वर्षी तीन महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. पत्नीपणाच्या हक्कासाठी पत्नीने स्वतः भोगलेला हा तुरुंगवास होता. चित्रपटात विवाहाच्या अमान्यतेचा मुद्दा येतो तो गांधींच्या सभेतील भाषणात, आपल्या स्त्रियांच्या अपमानाविरुद्ध पुरुषांना केलेले आवाहन म्हणून. कस्तुरबांच्या त्या कारावासाला स्वतंत्र प्रसंग मिळत नाही. अभिनेत्रीच्या हाती उरते ते नायकाशेजारी असणे. 'सहाय्यक' हा शब्द पुरस्काराच्या वर्गवारीतून आला असे वाटते, पण तो आधी पटकथेतच लिहिला गेला होता.

याउलट ब्रह्मचर्यव्रताविषयी छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट हिच्याशी होणाऱ्या संभाषणात दिग्दर्शकाने अभिनेत्रीला मोकळी जागा दिली आहे. परक्या स्त्रीला आपल्या संसाराची सर्वांत खासगी गोष्ट सांगताना कस्तुरबांच्या बोलण्यात किंचित मिस्कीलपणा येतो. महात्म्याच्या धडपडीकडे पाहणारी ही नजर भक्ताची नसून अर्धशतक सोबत काढलेल्या बायकोची आहे. संपूर्ण चित्रपटात गांधींकडे अशा नजरेने दुसरे कोणी पाहत नाही.

त्याच वर्षीची मित्रा

१९८१ च्या मे महिन्यात 'गांधी'चे चित्रीकरण संपले. त्याच वर्षी विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले आणि त्यात सुमित्रा देव ऊर्फ मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. १९४० च्या सुमाराच्या महाविद्यालयीन वातावरणात स्त्रीवरच प्रेम करणारी, ते स्वतःपाशी कबूल करणारी आणि अखेर स्वतःचा अंत करणारी ही नायिका. मराठी रंगभूमीवर असा विषय तोवर इतक्या उघडपणे आला नव्हता. नाटकातील निवेदक आणि मित्राचा एकमेव विश्वासू मित्र याचे नाव बापू आहे. तेंडुलकरांच्या मनात कोणताही संकेत नसणार, परंतु एकाच वर्षी एकीकडे 'बापूं'ची पत्नी आणि दुसरीकडे बापूकडे मन मोकळे करणारी मित्रा, अशा दोन स्त्रिया एकाच अभिनेत्रीने उभ्या केल्या.

या दोन भूमिकांचे काळही एकमेकांना भिडतात. मित्रा ज्या वर्षांत जगते, त्याच वर्षांत कस्तुरबा आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध आहेत. एकीचे आयुष्य राष्ट्राच्या इतिहासात जमा झाले, तर दुसरीच्या आयुष्याला तिच्या काळाच्या भाषेत नावही नव्हते. जगाने यांपैकी कस्तुरबा पाहिली. मित्रा पाहिली ती मराठी प्रेक्षकांच्या एका लहान वर्गाने. नाट्यप्रयोग टिकत नाही आणि चित्रपट टिकतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, पत्नीची भूमिका सर्व भाषांत चटकन कळते, मित्राची कळत नाही.

तीन पुरस्कार, एक विशेषण

'गांधी'नंतरच्या पुरस्कारांकडे पाहिले तर एक विलक्षण सातत्य दिसते. महेश भट यांच्या 'अर्थ' (१९८२) साठी 'फिल्मफेअर'चा पुरस्कार मिळाला, तो सहाय्यक अभिनेत्रीचा. गोविंद निहलानी यांच्या 'पार्टी' (१९८४) साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही सहाय्यक अभिनेत्रीचा. राष्ट्रीय पुरस्कारांत हा वर्ग त्याच वर्षी सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या मानकरी त्या ठरल्या. तीन संस्थांनी अल्पावधीत दिलेले तीन सन्मान, पण विशेषण एकच.

वास्तविक या दोन हिंदी भूमिकांत जुनी चांगुणा अधिक स्पष्ट दिसते. 'अर्थ'मधील मोलकरीण मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे उधळणाऱ्या पतीचा खून करते. नायिका पूजाला स्वतःच्या संसाराविषयी जो निर्णय घ्यायला पूर्ण चित्रपट लागतो, त्याची किंमत या स्त्रीने आधीच मोजलेली असते. चित्रपटाची नैतिक कलाटणी तिच्यामुळे शक्य होते. महेश एलकुंचवार यांच्या नाटकावर आधारित 'पार्टी'मधील मोहिनी बर्वे ही तर मद्यात बुडालेली अभिनेत्रीच आहे. कलावंत पतीच्या सावलीत आपली कला विझली, हे तिला कळते आणि बोलता मात्र येत नाही. सहाय्यक ठरवल्या गेलेल्या अभिनेत्रीने सहाय्यक होऊन संपलेल्या अभिनेत्रीची भूमिका करावी, यातील विरोधाभास पुरस्कार समितीच्या ध्यानात आला असेलच असे नाही.

व्यावसायिक हिंदी चित्रपटाने मात्र कस्तुरबेतून वेगळेच काही उचलले. 'सारांश' (१९८४) मध्ये त्या वृद्ध पार्वती प्रधान झाल्या. अठ्ठावीस वर्षांचे अनुपम खेर त्यात त्यांचे पती होते. शिवाजी पार्कच्या त्या मध्यमवर्गीय घरातील पुत्रशोक आणि आंधळी आशा त्यांनी ज्या संयमाने दाखवली, त्याविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही. पण 'अग्निपथ' (१९९०) मध्ये वयाने आपल्याहून बऱ्याच मोठ्या असलेल्या अमिताभ बच्चन यांच्या आईची भूमिका त्यांच्याकडे आली, तेव्हा शिक्का पक्का झाला होता. 'इबारागी'त शिकलेले वार्धक्याचे रूप उद्योगाने त्यांच्यावर कायमचे चढवले. दूरचित्रवाणीवर 'चार दिवस सासूचे' या मालिकेने (२००१-२०१३) त्यांना घराघरांत सासू म्हणून नेले. या लोकप्रियतेला कमी लेखण्याचे कारण नाही. गावोगावच्या प्रेक्षकाला त्यांचे नाव माहीत झाले ते बहुतांशी या मालिकेमुळे, 'बाफ्ता'मुळे नव्हे.

एलिझाबेथ रॉबिन्सला परदेशात आपली हेडा स्वतः उभी करता आली, कारण भाषा तिची होती आणि रंगमंच भाड्याने मिळत होता. रोहिणी हट्टंगडी यांना तशी मोकळीक लाभली ती मायदेशी, मराठी प्रायोगिक रंगभूमीवर. नितीश सेन यांच्या बंगाली नाटकावरून आलेले 'अपराजिता' हे एकपात्री त्यांनी जयदेव हट्टंगडी यांच्यासमवेत केले. संपूर्ण रंगमंचावर त्या एकट्याच असत. २००४ मध्ये संगीत नाटक अकादमीने रंगभूमीवरील अभिनयासाठी त्यांचा गौरव केला. या सन्मानात कोणतेही विशेषण नव्हते. २००८ मध्ये जयदेव हट्टंगडी यांचे निधन झाले. त्यानंतर पंधरा वर्षांनी 'बाईपण भारी देवा' (२०२३) मध्ये त्या सहा बहिणींपैकी थोरली होऊन पुन्हा मोठ्या पडद्यावर आल्या, आणि त्या चित्रपटाला महाराष्ट्रभर स्त्रियांनी गर्दी केली.