मागणाऱ्यांची भाषा

चेन्नईत जीवविज्ञान आणि त्यातले नैतिक पेच सामान्य माणसापर्यंत कोणी पोचवले, याचा हिशेब मांडू लागले की पहिले नाव गायतोंड्यांच्या घरातले निघते. सुनीती गायतोंडे यांचे कुटुंब मराठी, चामड्याच्या व्यापारातले, मद्रासेत स्थिरावलेले. डॉक्टर झाल्यावर त्यांनी हृदयशल्यचिकित्सक व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी लग्न केले आणि डॉ. सुनीती सॉलोमन या नावाने त्या ओळखल्या जाऊ लागल्या. १९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजात त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले, ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासले गेले आणि सहा नमुन्यांत एचआयव्ही सापडला. भारतातली ही पहिली नोंद. तोवर एड्स हा परदेशातल्या बिघडलेल्या लोकांचा रोग, आपल्याकडे तो कुठून यायला, असेच बहुतेक जण धरून चालले होते.

इथवरची गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात जमा आहे. मला जास्त मोलाचे वाटते ते पुढचे. प्रयोगशाळेतल्या सॉलोमन बाई रुग्णासमोर येऊन बसल्या. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे सेंटर फॉर एड्स रिसर्च अँड एज्युकेशन सुरू केले. 'वायआरजी केअर' म्हणून ते देशभर माहीत झाले. नावातले 'एज्युकेशन' शोभेपुरते नव्हते. विषाणू म्हणजे काय, तो कशाने जातो आणि कशाने जात नाही, औषध का चुकवायचे नाही, बायकोला कधी आणि कसे सांगायचे, हे सगळे समोरासमोर बसून सांगावे लागे. पुढे तर बाई संसर्ग झालेल्या स्त्री-पुरुषांची लग्नेही जुळवू लागल्या. २०१७ च्या 'लव्हसिक' या माहितीपटात हे काम दिसते. पत्रिकेऐवजी रक्ताचे रिपोर्ट जुळवायचे आणि त्या निमित्ताने दोन अनोळखी माणसांना रोगप्रतिकारशक्तीचे शास्त्र समजावून द्यायचे, याहून अवघड लोकविज्ञान मला तरी ठाऊक नाही.

या कामाची नैतिक उंची कळायची तर त्याच शहरातला एक खटला आठवावा लागतो. नातेवाइकासाठी रक्त द्यायला गेलेल्या एका माणसाला एचआयव्ही असल्याचे चाचणीत निघाले, बातमी रुग्णालयाबाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. तो न्यायालयात गेला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रुग्णाची गोपनीयता निरपवाद नसते, नियोजित वधूला धोका कळण्याचा हक्क आहे. एवढ्यावर न थांबता, अशा माणसाचा लग्नाचा हक्कच स्थगित असतो, असेही म्हणून टाकले. लग्नाबद्दलचे ते भाष्य २००२ मध्ये न्यायालयालाच बाजूला सारावे लागले. कायदा जिथे अडखळला तिथेच वायआरजी केअरमधले समुपदेशक रोज उभे होते. गुपितही राखायचे आणि जोडीदारालाही अंधारात ठेवायचे नाही. हा तोल त्यांनी निबंध लिहून साधला नाही, बोलून साधला. सॉलोमन २०१५ मध्ये गेल्या, २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मराठी वाचकांना त्यांचे माहेरचे आडनाव फारसे माहीत नाही, ही आपल्या मासिकांची हयगय.

सॉलोमन यांच्यावर इतके रेंगाळण्याचे कारण आहे. चेन्नईत विज्ञान समजावण्याची ही कला ज्यांनी वाढवली त्यांच्यात निव्वळ लेखक थोडे. बहुतेकांना समोरच्याकडून काहीतरी हवे होते: रक्ताचा नमुना, खरी माहिती, एखादी सही, कधी मूत्रपिंड किंवा हृदय. मागायचे असले की माणूस सोपे बोलायला शिकतो, कारण समोरचा 'नाही' म्हणून उठून जाऊ शकतो. या शहराच्या विज्ञानसंवादाचे बळ तिथले आहे, आणि माझ्या मते दुबळेपणाही तिथलाच.

अवयवदानात हा दुबळेपणा सर्वांत स्वच्छ दिसतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत चेन्नईच्या विल्लिवाक्कम भागात इतक्या गरिबांनी मूत्रपिंडे विकली की लोक त्याला 'किडनीवाक्कम' म्हणू लागले. १९९४ मध्ये अवयवविक्रीला बंदी करणारा कायदा झाला, तरी २००४ च्या त्सुनामीनंतर एर्नावूरच्या पुनर्वसन वसाहतीतल्या बायकांनी मूत्रपिंडे विकल्याचे उघडकीला आलेच. या चिखलातून मृत्यूनंतरच्या दानाची कल्पना वर काढायची होती. डॉ. सुनील श्रॉफ यांनी १९९७ मध्ये स्थापन केलेल्या मोहन फाउंडेशनने ते काम अंगावर घेतले. मेंदूमृत्यू समजावणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. छाती वरखाली होते आहे, अंग गरम आहे, पडद्यावर हृदयाचे ठोके दिसताहेत, आणि डॉक्टर सांगताहेत की तुमचा मुलगा गेला. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून हा निर्णय द्यायचा असतो. तो घरच्यांच्या गळी उतरवणारा कोणी नव्हता, म्हणून फाउंडेशनने समन्वयक घडवले, त्यांच्यासाठी अभ्यासक्रम काढले. मृत्यूची बातमी आणि अवयवांची मागणी एका दमात करायची नाही. आधी मरण समजू द्यायचे, मग विचारायचे. हा या कामातला पहिला धडा. लेखनाच्या कार्यशाळांतही तो शिकवला जावा असे मला फार वाटते.

सप्टेंबर २००८ मध्ये हितेंद्रन हा पंधरा वर्षांचा मुलगा अपघातात मेंदूमृत झाला आणि डॉक्टर आईवडिलांनी त्याचे अवयव दिले. रस्ते मोकळे करून त्याचे हृदय शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेले गेले. त्या बातमीने जे केले ते शेकडो पत्रकांना जमले नव्हते. त्याच सुमारास राज्य सरकारची मृतदेह-अवयवदान योजना सुरू झाली आणि तमिळनाडू देशात पुढे गेला. २०१३ मध्ये 'चेन्नैयिल ओरु नाळ' या चित्रपटाने अवयव पोचवण्याची धावपळ पडद्यावर आणली. (तो मूळ मल्याळम 'ट्रॅफिक'वरून बेतलेला, पण ते चेन्नईकरांच्या गावी नसते.) २०२३ पासून दात्यांवर शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार होऊ लागले.

हे यश खरे आहे. पण या सगळ्या सांगण्याचा सूर एकच राहिला: त्याग, पुण्य, अमरत्व. मागणाऱ्याला तो सूर सोयीचा असतो. दिलेले हृदय कोणाला मिळते, यादी कशी चालते, लाखोंचा खर्च न झेपणारा रुग्ण त्या यादीत पोचतो तरी का, हे प्रश्न त्या सुरात बसत नाहीत. २०१८ मध्ये परदेशी रुग्णांना भारतीयांच्या आधी हृदये दिली गेल्याचा आरोप झाला तेव्हा लोक गोंधळले. नियम असा की भारतीय रुग्ण नसेल तरच अवयव परदेशी माणसाला द्यायचा. योग्य भारतीय रुग्णच नव्हता, हृदय वाया गेले असते, असे समर्थन झाले. का नव्हता, हे कोणी नीट समजावले नाही. दहा वर्षे लोकांना दान शिकवले, वाटप शिकवले नाही, याचा हा परिणाम. टीका मोहन फाउंडेशनवर नाही. मागणाऱ्यानेच स्वतःची उलटतपासणी करावी ही अपेक्षा चुकीची आहे. ती करणारा दुसरा कोणी हवा होता.

तो दुसरा नसला की काय होते, ते कोविडच्या काळात पुण्याच्या साक्षीने दिसले. ऑक्टोबर २०२० मध्ये चेन्नईत कोव्हिशील्डच्या चाचणीत भाग घेतलेल्या एका चाळिशीच्या स्वयंसेवकाने आपल्याला मेंदूचा गंभीर त्रास झाल्याचे सांगून पाच कोटींच्या भरपाईची नोटीस पाठवली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आरोप फेटाळलाच, वर शंभर कोटींहून अधिक नुकसानभरपाई मागण्याचा इशारा दिला. लशीमुळे तसे झाले नाही, हे कंपनीचे म्हणणे बरोबर असू शकते. तपास करणाऱ्यांनाही संबंध आढळला नव्हता. माझा मुद्दा वेगळा आहे. चाचणीत उतरणाऱ्या माणसाला तक्रारीचा हक्क असतो की नाही, त्याच्या संमतिपत्रात काय लिहिलेले असते, तपास कोण करते, निष्कर्ष केव्हा जाहीर होतो, हे समजावून घ्यायची उभ्या देशाला गरज होती. आपल्या मराठी वर्तमानपत्रांनी काय दिले? बहुतेकांनी शंभर कोटींचा आकडा. पुण्याची कंपनी, म्हणून अभिमानाचा प्रश्न, एवढ्यावर विषय मिटला.

एप्रिल २०२१ मध्ये तमिळ विनोदी नट विवेक यांनी लोकांची भीती जावी म्हणून चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात कॅमेऱ्यासमोर लस घेतली आणि दोन दिवसांत ते हृदयविकाराने गेले. डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्तवाहिनी बंद झाल्याचे सांगितले, तरी अफवा थांबली नाही, आणि लशीशी संबंध नसल्याचा केंद्रीय समितीचा निष्कर्ष यायला ऑक्टोबर उजाडला. मृतदेहाच्या बाबतीत एक वर्ष आधी याहून वाईट झाले होते. कोविडने गेलेल्या एका न्यूरोसर्जनची शववाहिका याच शहरात जमावाने दगडांनी फोडली. वर्षानुवर्षे फक्त 'करा' आणि 'करू नका' ऐकलेल्या समाजाला 'का' विचारायची सवय उरत नाही. त्याला मग अफवा उत्तर देते.

न मागणारे लेखक चेन्नईत नव्हते असे नाही. मैलापुरात राहणारे एम. कृष्णन १९५० पासून १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'स्टेट्समन'मध्ये निसर्गावर सदर लिहीत होते. आपल्या चितमपल्लींच्या वाचकाला ते आवडावेत, फक्त कृष्णन जास्त तिरकस. सुजाता या टोपणनावाने लिहिणारे अभियंते रंगराजन यांनी तमिळ वाचकाला मेंदूपासून संगणकापर्यंत सगळे गोडीने समजावले. त्यांची प्रश्नोत्तरे घरोघर वाचली गेली. पण प्रश्नोत्तराच्या साच्यात लेखक सर्वज्ञ होऊन बसतो आणि विज्ञानात ठाऊक नसलेलेही बरेच असते हे वाचकाला उमगत नाही. तमिळनाडू सायन्स फोरमचे मुलांचे मासिक 'तुळिर' या बाबतीत उजवे: तिथे मुलाला करून बघायला सांगतात. आणि महाबलीपुरम रस्त्यावरच्या मगरींच्या उद्यानात साप पकडणाऱ्या इरुळ आदिवासींच्या सहकारी संस्थेचा माणूस मडक्यातून घोणस काढून, तिचे विष काढून घेऊन, ती पुन्हा रानात सोडायची आहे हे सांगतो, तेव्हा सर्पदंशावरच्या प्रतिविषाचे अर्धे शास्त्र प्रेक्षकाला तिथेच कळते. १९७८ पासून चाललेले हे काम या शहरातले सर्वांत प्रामाणिक विज्ञानकथन आहे, असे मी बेधडक म्हणेन.

एम. एस. स्वामिनाथन यांच्याविषयी मात्र मन द्विधा होते. तरमणीतली त्यांची संस्था १९८८ पासून शेतकऱ्याशी बोलत आली, आणि पुद्दुचेरीच्या खेड्यांतली माहिती केंद्रे इंटरनेट सर्वत्र पोचण्याआधीची. पण २०१८ मध्ये पी. सी. केशवन यांच्यासह लिहिलेल्या लेखात बीटी कापूस फसल्याचे म्हटले गेले, केंद्राच्या वैज्ञानिक सल्लागारांनी त्यातल्या चुकांवर बोट ठेवले, आणि जनुकीय तंत्रज्ञानाला आपला विरोध नसल्याचा खुलासा स्वामिनाथन यांना करावा लागला. पुढच्याच वर्षी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी बंदी असलेले कापसाचे बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. ज्या कापसावर विदर्भाचे पोट, त्याच्याबद्दलचा वाद इंग्रजी नियतकालिकात सुरू होऊन तिथेच विरला.

तपासणारे जे थोडे आहेत त्यांचेही तेच. 'द हिंदू'चे आर. प्रसाद यांनी शोधनिबंधांतल्या फेरफार केलेल्या चित्रांच्या बातम्या चिकाटीने लावून धरल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'चे संपादन काही काळ चेन्नईचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. जॉर्ज थॉमस यांनी केले. दोन्ही कामे अव्वल, दोन्ही इंग्रजीत, आणि दुसरे तर मुख्यतः डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी. तमिळ आणि मराठीत या जागा रिकाम्या आहेत. मराठीला तर हे शोभत नाही. १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांनी वाचकाकडून वर्गणीपलीकडे काही मागितले नव्हते, म्हणून तर ते कोणाचीही भीड न धरता लिहू शकले.

असे लिहिणाऱ्याला वाचक कुठे मिळणार, असे संपादक विचारतील. एक वाचक कायद्यानेच तयार ठेवला आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधचाचण्यांना मंजुरी देणाऱ्या प्रत्येक एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य असावे लागतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक सक्तीचा असतो. संमतिपत्र साध्या माणसाला कळते की नाही, हे त्यानेच बघायचे. त्याच्यासाठी मराठीत आज काय उपलब्ध आहे, याचा विचार संपादकांनी करावा. आणि आपल्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कमिटीत त्या खुर्चीवर कोण बसते, हे वाचकांनी एक पत्र लिहून विचारावे.