फासे, पोथी आणि पंच

भुसावळ-बडनेरा लोहमार्गाने जाणाऱ्या उतारूस नांदुरा हे नाव स्थानकाच्या पाटीपुरते, आणि महामार्गाने जाणाऱ्यास १०५ फुटी हनुमंतापुरते परिचित असते. परंतु ज्याच्या बालपणीचे वैशाख या गावी, दुपारी घराबाहेर पाऊल टाकण्याची सक्त मनाई असलेल्या ओसरीवर गेले, त्याच्या स्मृतीत नांदुरा म्हणजे तेथे अंथरलेला कापडी सारीपाट होय. चार फांट्या, प्रत्येकीत २४ प्रमाणे ९६ घरे, चार रंगांच्या १६ सोंगट्या आणि हस्तिदंती म्हणून मिरवणारे परंतु बहुधा हाडाचे असलेले तीन लांबट फासे, एवढा सरंजाम सर्व घरी सारखाच असे. कायदा मात्र घरोघरी निराळा. आमच्याकडे एक तरी सोंगटी मारल्यावाचून मधल्या घरात शिरण्याची मुभा नसे, शेजारच्या वाड्यात ती अट कोणी ऐकलेलीही नव्हती, आणि पाहुणे आले म्हणजे कोणत्या घरची वहिवाट चालवावयाची याचा निकाल आजोबा देत. छापील नियम कोणाजवळही नव्हते, आणि ते असावेत असे कोणास वाटतही नव्हते.

या जुन्या प्रकरणाचे दप्तर पुन्हा उघडण्याचे निमित्त गेल्या दिवाळीत घडले. पुण्यास नोकरी करणारा माझा भाचा सुटीत येताना अनेक पैलूंचे फासे आणि एक पातळसे पुस्तक घेऊन आला, आणि हा ‘जुन्या वळणाचा’ रोल-प्लेइंग गेम असून यात नियम थोडे व स्वातंत्र्य पुष्कळ, असे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. या खेळात प्रत्येक गडी एक पात्र धारण करतो. एक जण भुयारे, राक्षस व गावे यांचा कल्पक होतो आणि तोच पंचही असतो. गड्याने ‘मी अमुक करतो’ म्हणावे, पंचाने त्याचे फलित सांगावे, आणि संशय असेल तेथे फासा टाकावा. थोडे नियम म्हणजे पुष्कळ स्वातंत्र्य हे समीकरण मला तेव्हाच खटकले, आणि पुढे या कलेचा इतिहास पाहिल्यावर ते अर्धेच खरे आहे असे माझे मत झाले.

या खेळाचा वंश लष्करी आहे. प्रशियात राइसविट्झ नामक अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला, तेव्हा त्याची कोष्टके इतकी बारकाईची होती की खेळणाऱ्यांचा वेळ लढण्यापेक्षा हिशेबातच खर्ची पडू लागला. म्हणून १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ याने कोष्टके बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निवाड्यावर खेळ सोपवावा असा पक्ष मांडला. पुढे अमेरिकेत मिनिआपोलिसच्या हौशी मंडळींत डेव्हिड वेस्ली याने १९६९ साली ‘ब्राउनश्टाइन’ नावाचा डाव मांडला, त्यात गडी सैन्याऐवजी एकेक माणूस झाले. त्याच मंडळींतील डेव्ह आर्नेसनने ती कल्पना तळघरांत व अद्भुतात नेली. आणि गॅरी गायगॅक्सच्या सहकार्याने १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन लहान पुस्तिका एका खोक्यातून बाहेर पडल्या. त्या इतक्या अपुऱ्या होत्या की वाचकास उरलेला खेळ स्वतःच रचणे भाग पडे. त्या अपुरेपणालाच आज स्वातंत्र्य म्हणून गौरविले जाते. त्या काळी अनेकांस ती निव्वळ अडचण वाटली असणार! पुढील पाच वर्षांतच ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीचे जाडजूड ग्रंथ निघाले, २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक कौशल्यास आकडा चिकटला, आणि त्याविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून २००६ पासून जुन्या नियमांच्या नव्या प्रती निघू लागल्या. मॅट फिंच याने २००८ मध्ये एका लहानशा पुस्तिकेत या पंथाचे सूत्र सांगितले: छापील नियमापेक्षा पंचाचा निवाडा श्रेष्ठ. प्रशियातील अर्ध्या शतकाचा वाद अमेरिकेत पुन्हा अक्षरशः खेळला गेला म्हणावयास हरकत नाही.

या पंथाचे खरे सामर्थ्य कोठे आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भुयाराच्या वाटेवर गुप्त खड्डा आहे. जुन्या रीतीने गडी म्हणतो, मी पुढील फरशी काठीने ठोकून पाहतो, तिच्यावर पाणी ओततो, ते कोठे झिरपते ते न्याहाळतो. पंच विचार करतो आणि सांगतो की हो, फटीतून पाणी खाली गेले. नव्या रीतीने गडी म्हणतो, मी शोध घेतो. आणि फासा टाकतो. पहिल्या प्रकारात बुद्धी गड्याची लागते, दुसऱ्यात पात्राच्या कागदावरील आकड्याची. आणि हा पालट २००० साली झाला असे नव्हे. त्याचे बीज १९७५ सालीच, ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोराचे पात्र दाखल झाले तेव्हा पडले. तोपर्यंत सापळा हुडकण्याचा यत्न कोणीही करावा. चोरास त्या कामाची शेकडेवारी लिहून मिळताच इतरांचे हात आपोआप आखडले. वतनाच्या कज्ज्यांची ज्यास माहिती आहे त्यास याचे नवल वाटणार नाही: एका घराण्यास सनद झाली की गावाचा पिढीजात रिवाजी हक्क कोणी काढून न घेताही बुडतो.

परंतु येथेच त्या समीकरणाचे दुसरे अर्धही दिसते. जुन्या खेळात पात्राची बढती मुख्यतः शत्रू मारून नव्हे, तर भुयारातून बाहेर आणलेल्या द्रव्याच्या प्रमाणात होत असे. हे पक्के, आकड्यांत लिहिलेले कलम होते. आणि त्याच कलमामुळे राक्षसाशी झुंजण्यापेक्षा त्याला चकविणे, फितविणे किंवा तो झोपेपर्यंत दबा धरून बसणे अधिक किफायतीचे ठरून गड्यांच्या कल्पकतेस वाव मिळे. हे कलम काढून टाका, गडी लगेच तलवारीकडे वळेल. म्हणजे नियम स्वातंत्र्याचा केवळ संकोच करीत नाही, तो पुष्कळदा त्यास जन्मही देतो. आणि किती नियम आहेत यापेक्षा ते कशाचे मोल ठरवितात, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

आपल्या इकडे हा अनुभव हुतूतूने घेतला आहे. संजीवनी, गामिनी, अमर असे त्याचे प्रकार प्रांतोप्रांती चालत. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियमावली प्रसिद्ध केली, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, आणि आज चढाई ३० सेकंदांच्या घड्याळात बसली आहे. दम सुटला की नाही याची पारख अजून पंचाच्या कानाकडे आहे, एवढेच. या व्यवस्थेने खेळ जगभर गेला, हे निर्विवाद. पण गल्लीतल्या हुतूतूत आम्ही धाकट्या भावंडास ‘कच्चे लिंबू’ म्हणून घेत असू, ते बाद झाले तरी बाद धरीत नसू, त्या करुणेस कोणत्याही नियमावलीत कलम नाही, आणि असू शकेलसे वाटत नाही.

असे लिहिताना मन हळवे होते, आणि हळव्या मनाने समीक्षा करू नये. जुन्या वळणाच्या नव्या ग्रंथांत मला दोन जाती दिसतात. गॅव्हिन नॉर्मनच्या ‘ओल्ड-स्कूल इसेन्शल्स’सारखी पुस्तके जुना मजकूर स्वच्छ, सुबक मांडणीने पुढे ठेवतात, म्हणजे पूर्वीच्या अपुरेपणाची डागडुजीच करतात, दुसरी जात जुने चित्र, जुना टंक, जुनी आडमुठी वाक्यरचना यांची नक्कल करून वाचकास त्याचे हरवलेले बाराव्या वर्षाचे वय विकत देऊ पाहते. पहिलीत कला आहे. दुसरीत बाजार आहे, आणि गंमत अशी की निवाडा श्रेष्ठ म्हणणाऱ्या या पंथानेच निवाडा कसा करावा यावर इतके छापले आहे की त्याचीही एक पोथी होऊन बसली.

मूळ प्रश्न निवाडा करणाराचा आहे. आमच्या मुलुखात कचेऱ्यांचा अंमल बसण्यापूर्वी गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई आणि त्यावर कुणब्याने नांगराची, सुताराने आपल्या हत्याराची निशाणी करावी असा परिपाठ होता. छापील कायदा नव्हता. गावाची रीत होती, आणि ती जाणणारी माणसे होती. या न्यायाचे गोडवे गाणे सोपे आहे. परंतु महजरावर ज्यांची निशाणी कधीच उमटली नाही, त्यांस त्या सभेचे औदार्य कितीसे आठवत असेल? पंचाच्या हाती सर्व सोपविणाऱ्या खेळाचेही तसेच आहे: पंच समंजस असेल तर गड्यास आकाश मोकळे, आणि तो लहरी असेल तर दाद मागण्यास कागदही नाही. आर्नेसनच्या मेजाभोवती जी मौज होती ती आर्नेसनमुळे होती. ती खोक्यात घालून विकता आली नाही, म्हणून तर कलमे वाढली.

भाच्याने दिवाळीच्या तिसऱ्या रात्री डाव मांडला तेव्हा मी ओसरीवरील त्या सारीपाटाची, आजोबांच्या निवाड्यांची आणि त्या दिवसांतील मोकळिकीची गोष्ट जरा लांबवूनच सांगितली. ऐंशी ओलांडलेली माझी आत्या खाटेवर वाती वळीत ऐकत होती. ती म्हणाली, “तुले मोकळीक आठोते, बापू. मले तं बाबानं परत घ्याले लावलेले दान आठोतात. तुमचं पौबारा पडलं तं पडलं. आमचं पडलं की फासा हातातून निसटला म्हनत.” कोणी काही बोलले नाही. आजोबांना जाऊन चाळीस वर्षे झाली, आणि या प्रदीर्घ अवधीत हे तिने एकदाही काढले नव्हते.

मग वाती बाजूला ठेवून ती मेजाशी सरकली, वीस पैलूंचा फासा तिने डोळ्यांजवळ धरून उलटसुलट पाहिला, आणि आपल्यालाही एक पात्र द्यावे असे सांगून भाच्यास विचारले, “इथं न्याय कोन करते?”

“मी करतो, आजी.”

“अन् तुह्यं चुकलं तं?”

भाच्याने पुस्तक उघडले आणि तो पाने उलटू लागला.