प्रश्न 31 ते 34

दक्षिण कोरियाच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेतली इंग्रजीची प्रश्नपत्रिका मी हौसेने वाचतो. परीक्षेचं नाव सुनेउंग. 1993 पासून ती चालू आहे आणि दरवर्षी, सहसा नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, होते. त्या दिवशी दुपारी इंग्रजीचा श्रवणाचा भाग चालू असताना देशभरातली विमानांची चढउतार थांबवतात, ही बातमी आपल्याकडेही छापून येते. विमानं थांबतात ती पहिल्या 17 प्रश्नांसाठी. पुढचे 28 प्रश्न वाचनाचे, आणि त्यांतल्या चारांवर माझा जीव आहे: 31, 32, 33 आणि 34. प्रत्येकात एक उतारा, उताऱ्यात एक कोरी जागा, खाली पाच पर्याय.

रिकाम्या जागा भरा म्हटलं की आपल्याला शाळेतलं व्याकरण आठवतं. तिथे जागेत काय बसणार हे नियमाने आधीच ठरलेलं असतं. आपल्या उताऱ्यांवरचे बहुतेक प्रश्न तर उताऱ्यातली ओळ शोधून उत्तरपत्रिकेत उतरवली की सुटतात. कोरियातल्या या चार प्रश्नांत जागेतून काढून घेतलेला असतो तो उताऱ्याचा विचार. कधी तो एका शब्दाचा असतो, बहुतेक वेळा वाक्यांशाचा. उतारा साधारण दीडशे शब्दांचा, इंग्रजीतल्या एखाद्या अभ्यासग्रंथातून घेतलेला, कापून-बेतून बसवलेला. विषय काहीही असेल: परिसंस्था, संगीताचा इतिहास, कायद्याचं तत्त्वज्ञान. शीर्षक नाही, लेखकाचं नाव नाही, मागचं पान नाही, पुढचं पान नाही. एखाद्याच्या युक्तिवादाच्या मधोमध आपल्याला आणून सोडतात आणि त्याने काढलेला निष्कर्ष तेवढा झाकून ठेवतात.

ही कारागिरी कशी चालते ते दाखवायला मी त्याच घडणीचा एक उतारा मराठीत रचला आहे.

'नवशिका डॉक्टर छातीचा एक्स-रे हातात घेतो तेव्हा त्याची नजर फिल्मभर भिरभिरते. बरगड्या, हृदयाची कडा, फुप्फुसांचे कोपरे, काही सुटू नये म्हणून त्याची धडपड चालते. वर्षानुवर्षं हेच काम केलेल्याची नजर तेवढ्याच वेळात दोन-तीन ठिकाणी टेकते आणि तिथेच रेंगाळते. त्याने पाहिलेलं असतं कमी, तरी निदान त्याचंच बरोबर येतं. याचं श्रेय आपण सहसा त्याच्या माहितीच्या साठ्याला देतो. पण साठा वाढला की शोधायच्या गोष्टी वाढायला हव्यात. नजरेचे मुक्काम कमी कसे होतील? अनुभवाने त्याला दिलं ते निराळंच: ______.'

पर्याय असे. एक, अनेक ठिकाणी एकाच वेळी लक्ष ठेवण्याची ताकद. दोन, दुर्मीळ आजारांची पक्की ओळख. तीन, कुठे पाहायची गरज नाही याची खात्री. चार, झटपट निर्णय घेण्याचं धाडस. पाच, स्वतःच्या निदानावर शंका घेण्याची सवय.

उत्तर तिसरं, हे उघड आहे. गंमत उरलेल्या चारांत आहे. दुसरा पर्याय अर्ध्यावर वाचणाऱ्यासाठी ठेवलेला आहे. 'माहितीच्या साठ्याला' एवढं दिसलं की तो पेन टेकवतो आणि पुढच्या वाक्यातला 'पण' त्याच्या गावीही नसतो. पहिला पर्याय ऐकायला भारदस्त, प्रत्यक्षात उताऱ्याच्या बरोबर उलटा. पाचवा सगळ्यांत सज्जन. डॉक्टरने स्वतःवर शंका घ्यावी हे कुणाला पटणार नाही? मात्र उताऱ्यात शंकेचा मागमूसही नाही. जगात जे खरं आहे ते उताऱ्यात असेलच असं नाही, ही कठोर शिस्त हा पर्याय शिकवतो, आणि समंजस मुलंच त्यात अधिक सापडतात. चौथ्यावर माझं प्रेम आहे. कमी पाहणं आणि लवकर उरकणं या गोष्टी आपल्या मनात एकमेकींना चिकटलेल्या असतात, म्हणून तो खरा वाटतो. त्याला बाद करायला उताऱ्यात एकच शब्द आहे: 'तेवढ्याच'. वेळ तेवढाच लागला, तर झटपटपणाचा प्रश्न येतोच कुठे? तो शब्द ज्याच्या डोळ्यांसमोरून नुसता निघून गेला, त्याला तीन आणि चार यांत डावंउजवं करता येणार नाही.

कवितेत न बोललेल्या जागेला दहा अर्थ फुटले तर ते कवितेचं भाग्य. इथे दोन फुटले तरी अनर्थ होतो. हे मी रंगवून सांगत नाही. 2014 च्या परीक्षेत 25 वा प्रश्न तक्त्यावरचा होता: समाजमाध्यमांवर आपली माहिती उघड करणाऱ्या अमेरिकन मुलामुलींची 2006 आणि 2012 मधली टक्केवारी. तक्त्याशी न जुळणारं विधान ओळखायचं होतं. मोबाइल क्रमांक देणाऱ्यांचं प्रमाण 2 टक्क्यांवरून 20 वर गेलं, ही 18 टक्के वाढ, असं त्यातलं एक विधान म्हणत होतं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या लेखी ते बरोबर होतं, चूक दुसऱ्याच विधानात होती. पण 2 चे 20 होणं ही 18 टक्क्यांची वाढ नव्हे. फरक 18 टक्केबिंदूंचा आहे आणि वाढ 900 टक्क्यांची. शेवटी दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावी लागली. त्याच वर्षी जीवशास्त्राच्या पत्रिकेतही असाच घोळ झाला होता, आणि संस्थेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. तक्त्याच्या प्रश्नाकडे मी एरवी ढुंकूनही पाहत नाही, पण एका शब्दाची जबाबदारी इतक्या वर पोचवणारं दुसरं लेखन मला तरी ठाऊक नाही.

बाकीच्या पत्रिकेतूनही थोडं फिरावं. 36 आणि 37 मध्ये उताऱ्याचे टाके उसवलेले असतात: सुरुवातीचा भाग दिलेला, पुढचे तीन तुकडे विस्कटलेले, ते ओळीने लावायचे. तीन तुकड्यांच्या मांडण्या होतात सहा, पर्याय मात्र पाचच. छापलेला क्रम, म्हणजे अ-ब-क, पर्यायांत नसतोच. जे समोर आहे ते जसंच्या तसं बरोबर असण्याची सोयच ठेवलेली नाही, हा मला या पत्रिकेतला सगळ्यांत बोलका विनोद वाटतो. 38 आणि 39 मध्ये एक वाक्य बाहेर काढलेलं असतं आणि ते कुठून निघालं ते ओळखायचं असतं. तिथे सगळा भार 'हे', 'असा', 'मात्र' अशा बारक्या शब्दांवर. 'असा' म्हणजे कसा, हे आदल्या वाक्यात असलंच पाहिजे. नसेल तर जागा चुकली. इंग्रजी गद्य कशाने जोडलेलं असतं ते एखाद्याला दाखवायचं असेल तर मी व्याकरणाचं पुस्तक न देता हे दोन प्रश्न देईन.

जाहिरातींचे 27 आणि 28 हे प्रश्न सोपे आणि आनंदी. त्या जगात सतत कसल्या ना कसल्या स्पर्धा असतात, नावनोंदणीची मुदत कधी संपलेली नसते. शेवटची गोष्ट, 43 ते 45, साहित्य म्हणून सुमार. कुणीतरी निराश होतं, कुणीतरी धीर देतं, सगळं मार्गी लागतं.

एकूण वेळ 70 मिनिटं. श्रवणाची सुमारे 25 वजा जाता 28 प्रश्नांना उरतात 45. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटाच्या आसपास. उतारा कांटवरचा असला, तरी तो काय म्हणतो ते दीड मिनिटातच.

एवढ्या घाईत वाचन टिकत नाही, मग युक्त्या येतात. तिथल्या खासगी शिकवण्यांना हागवॉन म्हणतात. पहिली दोन वाक्यं वाचा, शेवटचं वाचा, 'पण' शोधा, हे तिथे घोटून घेतात. प्रश्न काढणाऱ्यांनाही ते माहीत असतं, म्हणून ते 'पण' भलत्याच ठिकाणी ठेवतात किंवा मुळीच ठेवत नाहीत. हे लोक परीक्षा होईपर्यंत महिनाभराहून अधिक काळ बाहेरच्या जगापासून तोडलेले असतात. बंद दारांआडचे हे संपादक आणि दाराबाहेरचे शिकवणीवाले यांच्यातला हा डाव वर्षानुवर्षं चालला आहे. कधी तो भलताच रंगतो. 2022 च्या परीक्षेतल्या 23 व्या प्रश्नाचा उतारा कॅस सनस्टीन यांच्या 2020 मधल्या पुस्तकातला होता, आणि जवळपास तोच उतारा एका शिकवणीच्या सरावपत्रिकेत आधीच येऊन गेलेला निघाला. प्रकरण चौकशीपर्यंत गेलं.

गरीब मुलांना शिकवणीवाचून परीक्षा देता यावी म्हणून सरकारी शैक्षणिक वाहिनीच्या सरावपुस्तकांशी 70 टक्के प्रश्न जुळवून घेण्याचं धोरण बरीच वर्षं होतं. हेतू चांगलाच. झालं असं, की मुलांनी पुस्तकातल्या उताऱ्यांचं कोरियन भाषांतर पाठ केलं. परीक्षेत पहिली ओळ ओळखीची दिसली की अर्थ आठवायचा आणि पर्याय निवडायचा. इंग्रजी वाचायचं कारणच उरलं नाही. 2021 च्या परीक्षेपासून हे प्रमाण 50 टक्क्यांवर आणलं, आणि इंग्रजीत पुस्तकातला उतारा जसाच्या तसा द्यायचं बंद केलं. विषयापुरतं साम्य ठेवलं.

2023 च्या जूनमध्ये सरकारने अतिकठीण, 'किलर' म्हणून बदनाम झालेले प्रश्न काढून टाकायला सांगितलं. त्यावर भरपूर वाद झाला. माझं मत असं, की कठीणपणा दोन जातींचा असतो आणि त्या वादात त्यांची सरमिसळ झाली. वरच्या उताऱ्यात तिसरा पर्याय चौथ्यापासून वेगळा काढायला 'तेवढ्याच' हा शब्द पकडावा लागतो. हा कठीणपणा उताऱ्याच्या आतला आहे आणि बारकाईने वाचणाऱ्याला तो दाद देतो. आता 'पण साठा वाढला की' हे वाक्य त्यातून उडवून बघा. प्रश्न लगेच कठीण होतो. दुसरा पर्यायही मग बसू लागतो आणि उत्तर वाचनाने न ठरता अंदाजाने ठरतं. हा काळोख बाहेरून आणलेला आहे. पर्यायांना अमूर्त नामांची भरजरी वस्त्रं चढवणं ही त्याचीच दुसरी तऱ्हा: उतारा समजतो आणि पर्यायच समजत नाहीत. किलर म्हणून गाजलेले काही प्रश्न मला या दुसऱ्या जातीचे वाटतात, आणि मग अधिक कठीण म्हणून त्यांचा दबदबा का वाढावा ते कळत नाही. ते नुसते अपुरे राहिलेले असतात.

इंग्रजीत 2017 च्या परीक्षेपासून 90 किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या प्रत्येकाला पहिली श्रेणी मिळते. इतरांशी तुलना नाही. तेव्हा पत्रिका किती अवघड होती हे पहिल्या श्रेणीच्या टक्केवारीवरून दिसतं. 2024 मध्ये ती 6.22 होती, 2025 मध्ये 3.11. नेमकी निम्मी. कांटच्या कायदाविषयक विचारांवरचा 34 वा प्रश्न त्या वर्षी फार गाजला, आणि डिसेंबरात संस्थेचे प्रमुख ओह सुंग-गोल पायउतार झाले.

जुन्या पत्रिका सरावाला घेणाऱ्या मुलांना मी एवढंच सुचवेन: घड्याळ लावायच्या आधी काही दिवस पर्यायांवर कागद ठेवा. उतारा वाचून कोऱ्या जागेत आपलं वाक्य लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल, आणि मग कागद काढा. आपल्या वाक्याचा भाऊबंद पर्यायांत सापडला तर ठीक. त्यानंतर उरलेल्या चारांपैकी सगळ्यांत जवळचा घ्या आणि त्याला उताऱ्यातल्या कोणत्या शब्दाने बाद केलं ते बोट ठेवून दाखवा. असा शब्द सापडेना, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा. तरीही सापडेना, तर प्रश्न काढणाऱ्यावर संशय घ्यायलाही हरकत नाही. 2014 मध्ये तो घेणारे बरोबर निघाले.