महाविद्यालय-प्रवेशावेळचा उपदेश आणि मराठी साहित्यातील नवागत विद्यार्थी
(‘कोसला’, ‘दुनियादारी’ व ‘आयदान’ या साहित्यकृतींच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

बारावीचा निकाल लागून पदवीच्या प्रथम वर्षाचे वर्ग सुरू झाले की महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत नवागतांच्या स्वागताचा कार्यक्रम होतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचे भाषण आणि आभार असा त्याचा ठरलेला क्रम असतो. या भाषणांतून, तसेच करिअर-मार्गदर्शनाच्या पुस्तिकांतून विद्यार्थ्यांना जे सांगितले जाते, ते साधारणपणे तीन सूत्रांत मांडता येते. ध्येय निश्चित करून वेळेचे नियोजन करा, वाईट संगतीपासून दूर राहा आणि अभ्यासाबरोबर सर्व उपक्रमांत भाग घेऊन व्यक्तिमत्त्व घडवा, ही ती तीन सूत्रे होत. या उपदेशामागील सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि हा उपदेश ज्याच्यासाठी आहे, तो विद्यार्थी नेमका कोण आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

शाळा सोडून महाविद्यालयात येणाऱ्या तरुणाचे चित्रण मराठी साहित्याने वेळोवेळी केले आहे. प्रस्तुत लेखात भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३), सुहास शिरवळकर यांची ‘दुनियादारी’ (१९८२) या दोन कादंबऱ्या आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) हे आत्मकथन यांच्या आधारे वरील तीन सूत्रांची चिकित्सा केली आहे. ‘कोसला’ या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची असल्याने तिचा विचार अधिक विस्ताराने केला आहे. कादंबरी ही मार्गदर्शक पुस्तिका नव्हे, याचे भान ठेवूनच ही चिकित्सा करावयाची आहे.

बदललेला उंबरठा :

साहित्यकृतींकडे वळण्यापूर्वी एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘कोसला’चा नायक मॅट्रिक होऊन थेट महाविद्यालयात येतो. महाराष्ट्रात पुढे १०+२+३ हा आकृतिबंध आला आणि १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. अकरावी-बारावीचे वर्ग अनेक ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयांना जोडलेले असल्यामुळे त्याच इमारतीत बारावी झालेल्या विद्यार्थ्याला पदवीचा प्रवेश हा नवा प्रवेश वाटतच नाही. याउलट गावातील माध्यमिक शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयातून शहरात येणाऱ्याला भाषा, निवास, पैसा आणि परीक्षापद्धती हे सर्व एकदम बदललेले दिसते. एकाच सभागृहात बसलेल्या या दोघांना एकच भाषण ऐकविले जाते. उपदेशाच्या निष्फळतेचे पहिले कारण या सरसकटपणात आहे, असे म्हणता येईल.

‘कोसला’ : उपदेश पाळणाऱ्याची शोकांतिका

‘कोसला’चा निवेदक पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातील सांगवी गावच्या सधन शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा. तो पुण्याला येऊन वसतिगृहात राहतो. मराठी समीक्षेने या कादंबरीचा विचार प्रामुख्याने अस्तित्ववादी जाणीव, परात्मता आणि भाषेची मोडतोड या अंगांनी केला आहे. तो यथार्थच आहे. परंतु पांडुरंगच्या पुण्यातील सुरुवातीच्या काळाकडे महाविद्यालयीन शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले, तर एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. पांडुरंग आळशी किंवा उनाड विद्यार्थी म्हणून आरंभ करीत नाही. तो वादविवाद मंडळाचा चिटणीस होतो, वसतिगृहाचा प्रीफेक्ट होतो आणि स्नेहसंमेलनातील नाटक बसवितो. स्वागत समारंभातील तिसरे सूत्र तो अक्षरशः पाळतो.

त्याची घसरण येथूनच सुरू होते. त्याच्या भिडस्त आणि सर्वांना सांभाळून घेण्याच्या स्वभावाचा इतर जण फायदा घेतात, पैशाची ओढाताण वाढते आणि परीक्षेत अपयश येते. ज्या गुणांना महाविद्यालय नेतृत्वगुण म्हणून गौरविते, तेच गुण त्याच्या नुकसानीस कारण होतात. येथे दोष उपक्रमांचा आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पदे त्याला मिळतात, परंतु त्या पदांबरोबर येणारा खर्च, वेळ आणि जबाबदारी यांचा हिशेब कसा ठेवावा आणि नकार केव्हा द्यावा, हे शिकविणारे कोणी भेटत नाही.

या संदर्भात पैसा हा घटक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. वडील आणि मुलगा यांच्यातील संबंध हळूहळू पैशाच्या व्यवहारापुरते उरतात आणि त्यात अविश्वास मिसळतो. वडिलांच्या दृष्टीने मुलगा उधळ्या ठरतो, तर मुलाच्या दृष्टीने वडील केवळ व्यवहारी. दोघांच्या मध्ये महाविद्यालय नावाची संस्था उभी असते, पण ती या संवादात कोठेच येत नाही. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेव्हाही पांडुरंगच्या दुःखाची नोंद महाविद्यालयाच्या कोणत्याही रजिस्टरमध्ये होणे शक्य नसते. त्यानंतरचा त्याचा एकाकीपणा वर्गातून पाहणाऱ्या शिक्षकाला केवळ अनुपस्थिती म्हणून दिसला असता.

पांडुरंग एका वर्षाची हकीकत रोजनिशीच्या रूपात देतो, हाही या दृष्टीने अर्थपूर्ण तपशील आहे. कोणी विचारणारे नसल्यावर विद्यार्थी स्वतःलाच सांगू लागतो. कादंबरीच्या शीर्षकातील कोशाची प्रतिमा अनेक अर्थांनी घेतली गेली आहे. प्रस्तुत विवेचनापुरता तिचा अर्थ असा घेता येईल की, हा कोश पांडुरंगने एकट्याने विणलेला नाही. संस्थेचे मौनही त्यात विणले गेले आहे.

अर्थात या वाचनाच्या मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. पांडुरंग सधन घरातील आहे. तो परत जाऊ शकतो, कारण त्याच्यामागे घर आणि शेती आहे. आज वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना असा परतीचा मार्ग नसतो. शिवाय नेमाडे यांचा उपरोध पांडुरंगलाही सोडत नाही. तो निव्वळ परिस्थितीचा बळी आहे, असे कादंबरी म्हणत नाही. तरीही उपदेश पाळूनही माणूस बुडू शकतो, हे तिने दाखविलेले सत्य या मर्यादांमुळे उणे होत नाही.

‘दुनियादारी’ : संगतीचा प्रश्न

वाईट संगत टाळा, या दुसऱ्या सूत्राची तपासणी ‘दुनियादारी’च्या आधारे करता येते. ‘कोसला’च्या तुलनेत ही लोकप्रिय परंपरेतील कादंबरी. समीक्षेने तिची दखल कमी घेतली असली, तरी विद्यार्थ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली आहे आणि २०१३ मधील चित्रपटामुळे ती नव्या वाचकांपर्यंत पोहोचली. पुण्यात शिकायला आलेला श्रेयस तळवलकर आणि दिगंबर पाटील ऊर्फ डीएसपी याच्याभोवती जमलेली कट्टा गँग हे तिचे केंद्र आहे.

उपदेशाच्या भाषेत कट्टा म्हणजे वाईट संगत. मात्र घरच्या ताणातून आलेल्या श्रेयसला सामावून घेते ती ही गँगच. मारामाऱ्या, व्यसने आणि प्रेमप्रकरणे यांचे काहीसे रम्य चित्रण ही या कादंबरीची मर्यादा आहे, हे नाकारता येत नाही. परंतु नवागताला नावाने ओळखणारी, त्याच्यासाठी वेळ काढणारी पहिली संस्था कट्टा असते, हे तिचे निरीक्षण अचूक आहे. वर्गात शंभराच्या आसपास विद्यार्थी असताना प्राध्यापकाला नावे माहीत होण्यास सत्र संपावे लागते. कट्ट्यावर ती पहिल्या आठवड्यात माहीत होतात. संगत निवडण्याचा सल्ला देणाऱ्या महाविद्यालयाने स्वतः कोणती संगत उपलब्ध करून दिली, असा प्रश्न ही कादंबरी अप्रत्यक्षपणे उपस्थित करते.

‘आयदान’ : उपदेशाबाहेरचा विद्यार्थी

वेळेचे नियोजन हे पहिले सूत्र, वेळ विद्यार्थ्याच्या मालकीचा आहे, असे गृहीत धरते. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावच्या ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे गृहीतक मोडून काढते. बांबूची आयदाने विणून घर चालविणाऱ्या आईच्या कष्टांवर लेखिकेचे शिक्षण उभे राहते. पुढे मुंबईत नोकरी, संसार आणि मुले सांभाळून त्या एम.ए. होतात. अभ्यासाचा वेळ येथे नियोजनाने नव्हे, तर घरातील अपेक्षांशी झगडून मिळवावा लागतो. जात आणि स्त्रीत्व या दोन्ही अंगांनी येणारे अडथळे मार्गदर्शनपर पुस्तिकांच्या वेळापत्रकात कोठेच बसत नाहीत.

आजही सकाळी घरकाम किंवा शेतकाम उरकून एस.टी.ने येणाऱ्या मुलींना आणि रात्रपाळी करून वर्गात बसणाऱ्या मुलांना पहाटे उठण्याचा सल्ला दिला जातो. तो त्यांना निरुपयोगी असतो, एवढेच नव्हे, तर आपणच कोठेतरी कमी पडतो, अशी अपराधभावना त्यातून निर्माण होते.

मार्गदर्शन योजना आणि वास्तव :

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ ही नवागत विद्यार्थ्यांसाठीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. नवागताला परिसराशी आणि शिक्षकांशी जोडणे, तसेच लहान गट करून मार्गदर्शक शिक्षक देणे, हा तिचा गाभा आहे. नॅकच्या मूल्यांकनामुळेही मार्गदर्शक-शिक्षक योजना महाविद्यालयांत रूढ झाली. म्हणजे पांडुरंगला जे मिळाले नाही, त्याची तरतूद आज कागदावर आहे. मात्र जेथे ही तरतूद गटांच्या याद्या, बैठकीची छायाचित्रे आणि स्वाक्षऱ्या यांपुरती उरते, तेथे विद्यार्थ्याच्या दृष्टीने काही बदलत नाही. शिक्षकांची रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरील नेमणुका यांमुळे मार्गदर्शक शिक्षकच वर्षागणिक बदलतो, हेही विसरता येत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या रचनेत मुख्य विषय, गौण विषय व श्रेयांक यांची निवड करावी लागते. अशा वेळी नवागताची गरज प्रेरणादायी वाक्यांची नसून माहितीची आणि सोबतीची आहे. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज कसा व केव्हा भरावा, वसतिगृह न मिळाल्यास अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेचा आधार कसा घेता येतो, एटीकेटी म्हणजे नेमके काय आणि एका विषयातील अपयशाने शिक्षण संपते का, इंग्रजीतील व्याख्यान न समजल्यास कोणाकडे जावे, या प्रश्नांची उत्तरे ज्येष्ठ विद्यार्थ्यांकडून अर्धवट मिळतात किंवा मिळतच नाहीत.

निष्कर्ष :

१. प्रवेशावेळचा रूढ उपदेश अपयशाची सर्व जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकतो. अभ्यासलेल्या तिन्ही साहित्यकृती या गृहीतकाला छेद देतात.

२. ‘कोसला’तून असे दिसते की सहभाग, नेतृत्व आणि उत्साह हे गुण आधाराशिवाय विद्यार्थ्यास घातकही ठरू शकतात.

३. ‘दुनियादारी’तील कट्टा हा महाविद्यालयाने रिकामी ठेवलेली जागा भरतो. तिची निंदा करण्यापेक्षा ती जागा ओळखणे अधिक उपयुक्त आहे.

४. ‘आयदान’मुळे उपदेशातील आदर्श विद्यार्थी हा विशिष्ट वर्ग, जात व लिंग यांच्या सोयीचा आहे, हे स्पष्ट होते.

५. म्हणून पहिल्या आठवड्यातील भाषणाइतकेच पहिल्या सत्रातील विचारपूस महत्त्वाची मानावी लागेल. सलग काही दिवस गैरहजर असलेल्या विद्यार्थ्याचे नाव काळ्या यादीत घालण्यापूर्वी त्याला बोलावून कारण विचारणे, ही त्याची किमान सुरुवात होय. पांडुरंग सांगवीकरला पुण्यात सल्ला देणारे पुष्कळ भेटले असते. त्याला गरज होती ती विचारणाऱ्याची, आणि ते काम महाविद्यालयात शिक्षकाशिवाय दुसऱ्या कोणाकडे सोपविता येत नाही.